चांदीचा डोलारा आणि त्याची घडणावळ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात चांदीची एक वस्तू आहे. नाव न वाचता तिच्याकडे बघितलं तर समई, परडी आणि तबक यांची कुणीतरी एकत्र सांगड घातली आहे असं वाटतं. खाली वळसेदार पाय, त्यांवर मधोमध एक खोलगट पात्र, पात्राच्या चार बाजूंनी वेलीसारख्या बाहेर झुकलेल्या चार फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक लहानसं तबक. शिंपले, पानं, वळसे यांनी अंग भरून गेलेलं. ही १७४३-४४ सालची वस्तू पॉल द लामेरी या लंडनच्या सोनाराच्या कारखान्यातली. सर रॉजर न्यूडिगेट आणि सोफिया कॉनयर्स यांच्या लग्नात तिचा आहेर झाला, म्हणून तिला ‘न्यूडिगेट सेंटरपीस’ म्हणतात.

अठराव्या शतकातल्या युरोपात श्रीमंत घरच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध असं काहीतरी असायचंच. फ्रेंच लोक त्याला ‘सुर्तू’ म्हणत, इंग्रज ‘एपर्न’. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्याकडे ते टेबलच नव्हतं. मी या लेखात त्याला डोलारा म्हणणार आहे. आकाराला हा शब्द चपखल बसतो.

पहिला प्रश्न साधा आहे. हे वापरायचं कशाला? याचं उत्तर चांदीत सापडत नाही, जेवण वाढण्याच्या पद्धतीत सापडतं.

आज हॉटेलात सूप येतं, ते संपलं की पुढचा पदार्थ येतो, शेवटी गोड येतं. ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली आणि तिला रशियन पद्धत म्हणत. अठराव्या शतकात चालायची ती फ्रेंच पद्धत. तिच्यात पाहुणे टेबलाशी येण्याआधीच पहिल्या फेरीचे सगळे पदार्थ टेबलावर मांडलेले असत: सूप, मासे, भाजलेलं मांस, भाज्या, सगळं एकदम. ती फेरी उरकली की सगळी भांडी उचलायची आणि दुसऱ्या फेरीची तितकीच भांडी त्याच जागांवर आणून ठेवायची. शेवटी तिसरी फेरी फळांची आणि मिठाईची.

यात भांडं कुठे ठेवायचं हे काटेकोर ठरलेलं असे. आपल्या ताटात मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला, भाजी कोणत्या बाजूला, हे जसं ठरलेलं असतं, तसंच. फरक एवढाच की आपला नियम एका माणसाच्या ताटापुरता आहे आणि त्यांचा नियम आख्ख्या टेबलाला लागू होता. डाव्या कोपऱ्यात एक बशी असेल तर उजव्या कोपऱ्यात तिच्याच मापाची दुसरी हवी. त्या काळच्या पाकपुस्तकांत पाककृतींच्या जोडीला टेबलाचे नकाशे छापलेले असत, कोणती बशी कोणत्या जागी हे दाखवणारे. नकाशा समतोल हवा म्हटलं की त्याला मध्यबिंदू लागतो. त्या मध्यबिंदूवर हा डोलारा उभा राहायचा. फेऱ्या बदलत, भांडी जात-येत, तो मात्र पहिल्या घासापासून शेवटपर्यंत जागचा हलायचा नाही.

सुरुवातीला तो खरोखर कामाचा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सुर्तू आला तेव्हा त्याच्यावर तेल आणि व्हिनेगरच्या कुप्या, साखर भुरभुरायची चाळणीदार भांडी, मीठ, मसाले, लिंबं आणि मेणबत्त्या असा सरंजाम असे. सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू सगळ्यांच्या मधोमध, एवढाच विचार. इंग्लंडमध्ये आल्यावर मधलं पात्र मोठं झालं आणि चार फांद्या फुटल्या. तिथे त्याला नाव मिळालं एपर्न. हा शब्द ‘बचत’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असं मानतात, म्हणजे बश्या इकडून तिकडे द्यायचा त्रास वाचवणारी वस्तू. खुद्द फ्रेंच लोक मात्र हा शब्द या वस्तूसाठी वापरत नाहीत.

हळूहळू मीठ-मसाल्याची जागा गोडाने घेतली. १७६०च्या सुमाराच्या इंग्लिश डोलाऱ्यांकडे बघितलं तर हे लगेच कळतं. फांद्यांवर आता जाळीदार परड्या आहेत, त्यांत साखरेत मुरवलेली फळं, साखर चढवलेले बदाम, कोरडी मिठाई. मधल्या सगळ्यात मोठ्या परडीत ताजी फळं. लंडनच्या थॉमस पिट्स नावाच्या सोनाराने अशा डोलाऱ्यांत हातखंडा मिळवला होता. त्याच्या कामांत वर चिनी पॅगोड्यासारखं छत असतं, छताच्या कडेला लहान लहान घंटा लोंबतात आणि शेंड्यावर चांदीचा अननस.

अननसच का? इंग्लंडच्या थंडीत तो उघड्यावर येत नाही. काचेच्या उबदार घरांत, वर्षानुवर्षं कोळसा जाळून, माळी राबवून तो पिकवावा लागे. एका फळावर एवढा खर्च होई की काही लोक तो विकत न घेता मेजवानीपुरता भाड्याने आणत. टेबलावर अननस दिसला म्हणजे यजमानाची ऐपत न बोलता कळली. आपल्याकडे हे फळ पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलं आणि ‘अननस’ हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. कोकण-गोव्याच्या मातीत ते सहज रुजलं. लंडनमध्ये ज्याचं चांदीचं रूप करून शेंड्यावर बसवत, ते इथे परसात पिकत होतं.

साखरेबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. त्या परड्यांतली साखर जमैका, बार्बाडोस, सँ-दोमँग अशा कॅरिबियन बेटांवरून येत होती. तिथे आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत राबत होते. चांदीचीही गोष्ट फार वेगळी नाही. युरोपात फिरणारी बरीचशी चांदी स्पेनच्या अमेरिकन वसाहतींतून आलेली होती: आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातून आणि मेक्सिकोच्या खाणींतून. पोतोसीत आसपासच्या गावांतल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने वेठीला धरून खाणीत उतरवत. या वस्तूंच्या प्रेमात असलेल्या माणसाने हे लपवू नये. मी त्या प्रेमात आहे आणि तरीही परडीची जाळी बघताना मला हे आठवत राहतं.

आता ही वस्तू घडायची कशी ते बघू.

मधलं पात्र चांदीच्या सपाट पत्र्यातून उभं करत. गोल पत्रा लोखंडी ऐरणीवर धरायचा आणि हातोडीने बाहेरच्या बाजूने गोलगोल ठोकत जायचं. प्रत्येक फेरीला कडा थोडी वर उचलली जाते. ठोकून ठोकून चांदी ताठर होते, पुढचा घाव घातला तर तडा जाईल अशा बेताला येते. मग ती मंद लाल होईपर्यंत तापवायची, निववायची की पुन्हा मऊ. एका पात्रासाठी हे कितीतरी वेळा करावं लागे. शेवटी हलक्या हाताने ठोके देऊन पृष्ठभाग एकसारखा करायचा. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारणं म्हणतात तेच हे काम, फक्त तांब्याऐवजी चांदीवर. तांबट मठाराचे ठोके मिरवतो, लंडनचा सोनार ते घासून पार नाहीसे करायचा, एवढा फरक.

पाय आणि फांद्या ओतीव. आधी नमुना करायचा, त्याचा ठसा बारीक वाळूच्या साच्यात घ्यायचा आणि त्यात वितळलेली चांदी ओतायची. मोठा वळसा एका ओतात येत नाही, म्हणून तो दोन अर्ध्या भागांत ओतून डाख देऊन जोडत. पात्रावरचं उठावाचं काम आणखी वेगळं. आतून राळ भरायची, म्हणजे पत्र्याला आधार मिळतो पण तो दाबाला थोडी जागाही देतो, आणि मग बोथट छिन्न्यांनी पानं, फुलं, शिंपले उठवायचे. यात चांदी कापली जात नाही, फक्त सरकवली जाते. कापायचं काम जाळीचं. आधी छिद्र पाडायचं, त्यातून केसासारखं बारीक करवतीचं पातं घालायचं आणि नक्षीच्या रेषेवरून फिरवायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात लाटून तयार केलेला पातळ, एकसारखा पत्रा सहज मिळू लागला आणि जाळीदार परड्यांचं पेव फुटलं.

एकाच कारखान्यात एवढी वेगवेगळी कामं. वस्तूवर शिक्का मालकाचा, हात अनेकांचे. द लामेरीच्या नावावर असलेल्या सर्वांत देखण्या कामांपैकी काही एका अशा कारागिराच्या हातची आहेत ज्याचं नावच कुणाला माहीत नाही. एका विशिष्ट परातीवरून अभ्यासक त्याला ‘मेनार्ड मास्टर’ म्हणतात. द लामेरी स्वतः १६८८ साली नेदरलँड्समध्ये फ्रेंच प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मला. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्माची मोकळीक काढून घेतली तेव्हा हजारो कुटुंबं देश सोडून गेली, त्यांत सोनार-विणकरही होते. लंडनमध्ये प्येर प्लातेल नावाच्या तशाच एका निर्वासित सोनाराकडे द लामेरी १७०३ साली उमेदवारीला लागला, १७१३ साली त्याने स्वतःचा शिक्का नोंदवला आणि १७५१ साली मरेपर्यंत तो इंग्लंडमधला या धंद्यातला पहिल्या फळीतला माणूस राहिला. फ्रान्सच्या राजाने घालवून दिलेली कला इंग्लंडच्या पदरात अशी पडली.

कल्पनेची झेप किती मोठी असू शकते हे बघायचं तर इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातल्या एका डोलाऱ्याकडे जायला हवं. युवराज फ्रेडरिकसाठी १७४१-४२ साली केलेला हा डोलारा सगळा समुद्राचा आहे. शेंड्यावर समुद्रदेव नेपच्यून, खाली समुद्री घोडे, शिंपले, पोवळी. त्याच्या जोडीला निकोलस स्प्रिमाँ या सोनाराने केलेली मिठाची भांडी आहेत, त्यांतली काही खेकड्यांची. हे खेकडे नुसते खेकड्यासारखे नाहीत, खऱ्या खेकड्यावरून साचा घेऊन ओतलेले आहेत. नांग्यांवरचा खरबरीतपणा, पायांचे सांधे, सगळं जसंच्या तसं चांदीत उतरलं आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तो खेकडा हातात धरताना कुठून धरायचा हे आपोआप कळेल, इतका खरा.

हे डोलारे बहुधा सुटे होत. फांद्या खाचेतून उपसून काढता येत, तबकं आणि परड्या वेगळ्या होत. आज चार माणसं असली तर नुसतं मधलं पात्र, वीस असली तर सगळा विस्तार. दिवसा तबकं, रात्री त्याच फांद्यांवर मेणबत्त्या. हाताने घडवलेल्या चार फांद्या दिसायला सारख्या असल्या तरी एक फांदी दुसरीच्या खाचेत नेमकी बसत नाही. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना, सहज दिसणार नाहीत अशा जागी, आकडे किंवा ठिपके कोरलेले असत. दोन ठिपक्यांची फांदी दोन ठिपक्यांच्या खाचेत. मेजवानी संपल्यावर घासूनपुसून सगळे भाग खणांच्या पेटीत जात. हे ठिपके मला फार आवडतात. ते पाहुण्यांसाठी नव्हते, रोज तो डोलारा जोडणाऱ्या नोकरासाठी होते.

दुसरी एक खूण तळाशी असे: वजन. वस्तू विकताना सोनार तिचं वजन औंस आणि पेनीवेटमध्ये तळावर बारीक कोरून ठेवायचा. हा औंस आपल्या अडीच तोळ्यांहून थोडा जास्त. पुढे कधीही वस्तू काट्यावर टाकली आणि वजन कमी भरलं तर समजायचं की एखादा भाग हरवला, नाहीतर कुणीतरी चांदी काढली. इतकी नक्षी, इतका अननस आणि नेपच्यून, आणि तळाशी कोरडा वजनाचा आकडा. या वस्तूची खरी गोष्ट त्या आकड्यात आहे असं मला वाटतं.

कारण चांदी हा पैसाच होता. नाणी चांदीची आणि भांडीही चांदीची, शुद्धता इंग्लंडमध्ये १७२० नंतर बहुतेक एकच: हजारात ९२५ भाग. आपले सोनार ज्याला ‘नाइन्टी टू पॉइंट फाइव्ह’ म्हणतात तीच. शुद्ध चांदी फार मऊ म्हणून उरलेलं तांबं. घरात बँकेसारखी चांदी साठवायची, मिरवायची, आणि गरज पडली की वितळवायची. टांकसाळीचा भाव औंसाला ५ शिलिंग २ पेन्स, म्हणजे घरातल्या प्रत्येक परडीची नाण्यांतली किंमत मालकाला पाठ. शुद्धतेची खात्री करायला प्रत्येक वस्तू लंडनच्या सोनारांच्या पेढीत, म्हणजे ‘गोल्डस्मिथ्स हॉल’मध्ये, तपासायला न्यावी लागे. तिथे पास झालेल्या वस्तूवर सिंहाचा, बिबट्याच्या मुंडक्याचा, साल दाखवणाऱ्या अक्षराचा असे शिक्के बसत. त्या हॉलवरूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द आला, जो आज गल्लीतल्या सराफाच्या पाटीवरही असतो.

१७२० पासून इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूंवर औंसाला ६ पेन्स कर लागू झाला. जड डोलाऱ्यावर ही रक्कम बरीच होई. मग काही सोनार एक हलकी वस्तू शिक्का मारून आणत, तिच्यावरचा शिक्क्याचा तुकडा कापत आणि तो जड वस्तूच्या तळाशी डाखाने बसवत. द लामेरीच्या काही वस्तूंतही ही युक्ती सापडली आहे. शिक्का खरा, पण दुसऱ्याच वस्तूचा.

गिऱ्हाइकाच्या बिलात दोन रकमा असत: चांदीची आणि घडणावळीची. घडणावळीला तेव्हाचे इंग्रज सोनार ‘फॅशन’ म्हणत. जॉर्ज विक्स या लंडनच्या सोनाराच्या १७३५ पासूनच्या वह्या उरल्या आहेत, त्यांत हे हिशेब दिसतात. साध्या ताटाला घडणावळ थोडी. नक्षीदार डोलाऱ्याला मात्र ती चांदीच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शके. आणि ही दुसरी रक्कम एकदा दिली की गेली. वितळवायला काढली की पहिलीच रक्कम परत मिळते.

हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आमच्या घरी आजीची चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी होती. घरात लग्न निघालं तेव्हा ती मोडायला नेली, मी सोबत होतो. सोनाराने दोन्ही काट्यावर ठेवल्या, घट धरली, रक्कम सांगितली. गुलाबदाणीच्या मानेभोवती बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक वेल कोरलेली होती, तिला एकवीस पानं होती, मी लहानपणी मोजलेली. हिशेबात वेल कुठेच आली नाही. सोनाराचं काही चुकलं नव्हतं, मोडीचा नियमच तो. पण तेव्हापासून संग्रहालयात जुनी चांदी बघताना माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की ही मोडीतून वाचली कशी?

कारण बहुतेक वाचली नाही. इंग्लंडमध्ये घराण्यांनी फॅशन बदलली तशी जुनी चांदी मोडून नवी केली. १७७०च्या पुढे नक्षीची ओढ बदलली. वळसे आणि शिंपले जाऊन ग्रीक-रोमन कलश, हार, होडीच्या आकाराच्या परड्या आल्या, आणि किती जुने डोलारे त्यासाठी मुशीत गेले असतील कोण जाणे. दुसरीकडे स्वस्त पर्यायही येत होते. १७४३ च्या सुमारास शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पातळ थर एकजीव करण्याची रीत शोधली आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखं दिसणारं काहीतरी आलं. जर्मनीतल्या माइसेन आणि फ्रान्समधल्या सेव्र इथल्या चिनी मातीच्या बाहुल्या आल्या. टेबलाच्या मधोमध आरसे अंथरून त्यांवर रंगीत वाळू आणि साखरेच्या भुकटीने बागेचे नकाशे काढणारे खास कारागीर फ्रान्समध्ये असत. ताटाभोवतीची रांगोळी ज्याने बघितली आहे त्याला ते काम किती जोखमीचं हे सांगायला नको.

मग रशियन पद्धत आली, टेबलावरून अन्नच गेलं आणि मधली रिकामी जागा फुलांनी आणि अवाढव्य सन्मानचिन्हांनी भरली. त्याचा एक नमुना आपल्याशी जोडलेला आहे. लंडनच्या ॲप्सली हाउसमध्ये वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीला पोर्तुगालने १८१६ साली दिलेला टेबलाच्या मधोमध ठेवायचा जवळजवळ ८ मीटर लांबीचा चांदीचा पट आहे. त्याच घरात ‘डेक्कन सर्व्हिस’ नावाची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडीही आहेत. ती त्याला त्याच्याबरोबर दख्खनच्या मोहिमेत लढलेल्या अधिकाऱ्यांनी दिली. ही मोहीम म्हणजे १८०३ सालची, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबरला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईची. असईच्या रानात जे सांडलं त्याची आठवण लंडनच्या टेबलावर चांदीची ताटं होऊन राहिली.

फ्रान्सची गोष्ट सगळ्यात दुःखाची. जिथे ही कला जन्मली तिथे ती सर्वांत कमी उरली. १६८९ साली चौदाव्या लुईने युद्धाचा खर्च भागवायला व्हर्सायमधलं चांदीचं सगळं सामान, टेबलं, दिवे, आरशांच्या चौकटी, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्यासुद्धा, टांकसाळीत पाठवलं. सुमारे २० टन. हाती आली ती रक्कम घडवायला लागलेल्या खर्चाच्या जवळपासही नव्हती. घडणावळ धुरात गेली. १७०९ साली पुन्हा तेच. १७५९ साली पंधराव्या लुईने स्वतःची चांदी दिली आणि सरदारांनाही द्यायला लावली. पुढे क्रांतीत उरलंसुरलं गेलं. झ्युस्त-ओरेल मेसोनिए या तुरिनमध्ये जन्मलेल्या, पॅरिसमध्ये राहिलेल्या कल्पक माणसाने १७३५ साली किंग्स्टनच्या ड्यूकसाठी एक डोलारा आणि दोन सूपपात्रं योजली. शिंपल्यातून उसळलेल्या लाटेसारखी ती सूपपात्रं आज आहेत, एक अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात. मधला डोलारा मात्र छापील चित्रातच बघायचा.

म्हणून अठराव्या शतकातली उत्तम फ्रेंच चांदी बघायची तर पॅरिस सोडून लिस्बनला जावं लागतं.

तोमा जेर्मँ हा फ्रान्सच्या राजाचा सोनार. त्याचा मुलगा फ्राँस्वा-तोमाही तोच. ब्राझीलच्या सोन्यावर गबर झालेला पोर्तुगालचा दरबार त्यांचं मोठं गिऱ्हाईक. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला, मागोमाग समुद्र चढून आला आणि मग आग. नदीकाठचा राजवाडा गेला आणि त्यातली चांदीही. त्याच वाड्याच्या आवारात ‘कासा दा इंदिया’ होतं, जिथून गोव्याचा व्यापार चालायचा, तेही गेलं. जुझे राजाने फ्राँस्वा-तोमाला नवी भांडी करायला सांगितली, हजारावर नग. एवढं मोठं काम असूनही हा सोनार १७६५ साली दिवाळखोर झाला.

पण त्याच्या बापाच्या हातचा एक डोलारा मागे होता, १७२९ ते १७३१ या काळात घडलेला. शिकारीचा विषय, त्यावर शिकारी कुत्रे, मेणबत्त्यांच्या फांद्या. त्या कुत्र्यांचा ताठ कान, वळलेली मान, हे सगळं शिकार बघितलेल्या माणसाचं निरीक्षण आहे. हा डोलारा १७५७ साली मुलाने पोर्तुगालच्या आवेइरोच्या ड्यूकला विकला. ड्यूककडे तो जेमतेम दीड-दोन वर्षं राहिला. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. कटाचा आळ आवेइरोवर आणि तावोरा घराण्यावर आला. १३ जानेवारी १७५९ रोजी लिस्बनजवळच्या बेलेंमध्ये आवेइरोला आणि तावोराच्या मार्कीस (हा सरदारकीचा किताब) पतिपत्नींना मृत्युदंड देण्यात आला. हा मार्कीस तावोरा गोव्याला परका नव्हता. १७५० ते १७५४ तो गोव्यात व्हाइसरॉय होता आणि त्याच्या लेकीचं सासर अलोर्ना घराणं, म्हणजे सावंतवाडीकरांकडून हळर्ण्याचा किल्ला घेऊन त्या गावाचं नाव किताबात लावणाऱ्या आधीच्या व्हाइसरॉयचं घर.

आवेइरोचा वाडा राजाने जमीनदोस्त केला. तिथे पुन्हा काही उगवू नये म्हणून त्या जमिनीत मीठ पेरलं. बेलेंमध्ये ती गल्ली आजही ‘खारवलेल्या जमिनीची गल्ली’ या नावाने आहे आणि तिच्यात एक दगडी खांब उभा आहे. सरकारजमा झालेल्या मालमत्तेत तोमा जेर्मँचा डोलारा राजाकडे गेला. कुणी तो वितळवला नाही. आज तो लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे, कुत्र्यांसकट, फांद्यांसकट, सगळी घडणावळ शाबूत.